कंट्रोलचा झोन पुन्हा रेंजबाहेर गेलाय? आधी शेजारच्या डिस्क बघा

"मॅडम, जेंटामायसिन आज परत १७ आलं. डिस्कची नवी व्हायल उघडली, तरी तेच. परवा मात्र २१ होतं."

गेल्या पावसाळ्यात हा फोन आला. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी, एका छोट्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ही मुलगी मायक्रोबायोलॉजीचं टेबल एकटीने सांभाळते. मदतीला एक मामा आहेत. ते प्लेट्स ओततात, भांडी धुतात, ऑटोक्लेव्ह लावतात. तिची तक्रार मला नवी नव्हती. थोड्याफार फरकाने हेच गाऱ्हाणं मी वर्षानुवर्षं ऐकते आहे, म्हणून उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवते.

कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जिवाणू वाढवून त्याच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायची चाचणी, लावताना आपण रुग्णाच्या जिवाणूबरोबर एक ओळखीचा जिवाणूही लावतो. त्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. त्यालाच कंट्रोल म्हणतात. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा (एटीसीसी हा जिवाणूंचा संग्रह, पुढचा आकडा त्यातला क्रमांक). प्लेटवर औषधाची कागदी डिस्क ठेवतात, तिच्याभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ म्हणजे झोन. १० मायक्रोग्रॅमच्या जेंटामायसिन डिस्कभोवती त्याचा झोन १९ ते २६ मिलिमीटर यायला हवा. तो १७ आला, तर त्या दिवशी लावलेल्या सगळ्याच रुग्णांचे जेंटामायसिनचे झोन आक्रसले असण्याची शक्यता आहे. म्हणजे खरं तर औषध लागू पडणारा एखादा जिवाणू कागदावर 'रेझिस्टंट' ठरणार. नवजात बाळांच्या सेप्सिसमध्ये जेंटामायसिन हे पहिल्या फळीचं औषध आहे. ते स्वस्त आहे आणि तालुक्याच्या ठिकाणीही मिळतं. आपल्या प्लेटमधल्या चुकीमुळे डॉक्टर ते बाजूला ठेवतात आणि राखून ठेवायचं औषध काढतात. या दोन मिलिमीटरना मी इतकं महत्त्व देते ते यासाठी.

अशा वेळी बहुतेक लॅबमध्ये काय होतं? कंट्रोल परत लावतात. आला रेंजमध्ये, की वहीत तोच आकडा लिहून मोकळे. मला हे अजिबात मान्य नाही. सगळं ठीक असतानाही अधूनमधून, साधारण २० पैकी एखाद्या वेळी, आकडा रेंजच्या काठाबाहेर जाऊ शकतो. त्यामुळे एकदा परत लावणं रास्त आहे. पण तोच आकडा पंधरवड्यात तिसऱ्यांदा बाहेर गेला, तर तो योगायोग नाही. आणि रेंजबाहेर गेलेला आकडा वहीत लिहिलाच नाही, तर तिसरी वेळ आहे हे कळणार तरी कसं? तिने मात्र सगळे आकडे लिहून ठेवले होते. पुढचं सगळं त्यामुळे शक्य झालं.

एकट्या डिस्ककडे बघत बसू नका

मी तिला म्हटलं, "जेंटामायसिन राहू दे. त्याच प्लेटवरचे बाकीचे आकडे वाच." तिने वाचले. सिप्रोफ्लॉक्सासिन २८, हवं २९ ते ३८. टेट्रासायक्लिन २६, हवं १८ ते २५. सेफ्ट्रायक्झोन ३१, हवं २९ ते ३५, म्हणजे ठीक. कोट्रायमोक्झाझोल २६, हवं २३ ते २९, तेही ठीक.

सिप्रो एका मिलिमीटरने खाली आणि टेट्रासायक्लिन एका मिलिमीटरने वर, म्हणून तिने ते "जवळपास बरोबर" समजून सोडून दिलं होतं. खरी खूण तिथेच होती. लॉन, म्हणजे प्लेटभर पसरलेला जिवाणूचा थर, जाड झालं असतं, तर सगळेच झोन लहान आले असते. अगार, म्हणजे जिवाणू वाढवायचा जेलीसारखा मीडिया, जाड ओतला गेला असता, तरी तेच. डिस्क खराब असती, तर एकच औषध चुकलं असतं. इथे जेंटामायसिन आणि सिप्रो खाली आले, टेट्रासायक्लिन वर गेलं आणि सेफ्ट्रायक्झोन जागेवर राहिलं. असं चित्र दिसलं की मी एकच संशय घेते: प्लेटचा पृष्ठभाग आम्लधर्मी झालाय.

या चाचणीच्या प्लेट्स ज्याच्या ओततात त्या म्युलर-हिंटन अगारचा पीएच, घट्ट झाल्यावर आणि खोलीच्या तापमानाला, ७.२ ते ७.४ हवा. तो उतरला की जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी औषधं जिवाणूच्या पेशीत शिरायला अडखळतात. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन आणि सिप्रोच्या जातकुळीचंही तसंच होतं. टेट्रासायक्लिनचं मात्र उलट आहे, आम्लात ते जास्त जोर धरतं. पीएच चढला की हेच चित्र आरशात दिसावं तसं फिरतं. म्हणून माझ्या मते कंट्रोलच्या प्लेटवर टेट्रासायक्लिनची डिस्क कायम असावी, रुग्णाच्या रिपोर्टमध्ये ती लागत नसली तरी. पीएच बिघडल्याचं ती सगळ्यात आधी सांगते.

पीएच कसा मोजायचा? तिने पातळ, गरम मीडियात पेपरची पट्टी बुडवली होती. त्या पट्टीवर ७.० आणि ७.४ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, आणि गरम मीडियाचा पीएच थंड झाल्यावर तोच राहतो असंही नाही. घट्ट झालेल्या प्लेटमधला थोडा अगार कुस्करा, त्यात थोडं डिस्टिल्ड वॉटर घाला आणि मग मीटरची इलेक्ट्रोड त्यात बुडवा. मीटर त्याआधी त्याच दिवशी ७ आणि १० च्या बफरवर लावून घेतलेला असावा. तिच्याकडे मीटर नव्हता, शेजारच्या कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात होता. मामा तीन प्लेट्स डब्यात घालून तिथे घेऊन गेले. उत्तर आलं ७.३.

म्हणजे प्लेट बरोबर होती. आम्ही दोघी दोन दिवस अडून बसलो. मीडिया परत परत वितळवला का, ऑटोक्लेव्हमध्ये जास्त वेळ राहिला का, हे विचारून झालं होतं आणि त्याचं उत्तर नाही असंच होतं. मग एका संध्याकाळी सहज विचारलं, "लावून झालेल्या प्लेट्स कुठे ठेवतेस?" म्हणाली, "इन्क्युबेटरमध्ये. जागा नसली की मेणबत्तीच्या बरणीत, चॉकलेट अगारबरोबर. तीही इन्क्युबेटरमध्येच असते ना."

उत्तर तिथे होतं. (चॉकलेट अगार म्हणजे तापवलेल्या रक्ताचा तपकिरी मीडिया.) बंद बरणीत मेणबत्ती विझेपर्यंत जळते आणि आत कार्बन डायऑक्साइड साधारण ३ टक्क्यांपर्यंत जातो. न्यूमोकोकस, हिमोफिलस, गोनोकोकस यांना तो हवा असतो, म्हणूनच ही बरणी ठेवतात. पण तोच वायू अगारच्या ओलाव्यात विरघळून कार्बोनिक आम्ल बनवतो. प्लेट आत जाताना ७.३ ला असते आणि रात्रभरात तिचा पृष्ठभाग खाली उतरतो. ज्या दिवशी थुंकीचे आणि पाठीच्या पाण्याचे नमुने जास्त, त्या दिवशी इन्क्युबेटर भरायचा आणि कंट्रोल बरणीत जायचा. बाकीच्या दिवशी आकडा २१. दिसायला लहरी वाटणाऱ्या या बिघाडाचा सगळा हिशोब असा जमला. तिने वहीतल्या तारखा पडताळल्या. चुकलेल्या तिन्ही दिवशी इन्क्युबेटरमध्ये जागा नव्हती.

ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्युडोमोनास, स्टॅफिलोकोकस यांची सेन्सिटिव्हिटी साध्या हवेतच लावायची: ३५ अंश सेल्सिअस, १६ ते १८ तास. प्लेट्स उलट्या ठेवायच्या आणि एकावर एक फार रचायच्या नाहीत, कारण थप्पीच्या मधल्या प्लेटला ऊब उशिरा पोहोचते.

बाकीची चित्रं

तिची अडचण सुटली. तुमची वेगळी असेल. मला वारंवार दिसलेली चित्रं पुढे देते, जास्त आढळणारी आधी.

सगळेच झोन लहान किंवा सगळेच मोठे आले, तर सस्पेन्शनकडे, म्हणजे जिवाणू कालवलेल्या द्रावणाकडे, बघा. त्याचा गढूळपणा मॅकफार्लंडच्या नळीशी ताडून ठरवतात. ०.५ मॅकफार्लंड म्हणजे मिलिलिटरला सुमारे १.५ कोटी नव्हे, १५ कोटी जिवाणू. हा एका शून्याचा घोळ मी विद्यार्थ्यांच्या वह्यांत पाहिला आहे. मॅकफार्लंडची नळी घरी बनवत असाल, तर १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.५ मिलि आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९९.५ मिलि घ्या. नळी घट्ट बंद करून अंधारात ठेवा आणि दर वेळी नीट हलवून वापरा. साका तळाला बसला आणि नळी तशीच शेजारी धरून ताडली, तर तुमचं सस्पेन्शन पातळ होतं आणि झोन फुगतात. ६२५ नॅनोमीटरला तिचं वाचन ०.०८ ते ०.१३ मध्ये यायला हवं. महिन्यातून एकदा तपासा. तुलना करताना मागे काळ्या रेघांचा पांढरा कागद धरा, नुसत्या खिडकीच्या उजेडात डोळा फसतो.

सस्पेन्शन तयार झालं की १५ मिनिटांत लॉन ओढायचं. स्वॅब नळीच्या आतल्या कडेला दाबून जादा पाणी काढायचं, प्लेट ६० अंशांनी फिरवत तीन दिशांनी ओढायचं आणि शेवटी कडेने एक फेरी मारायची. डिस्क ठेवल्यावरही १५ मिनिटांच्या आत प्लेट इन्क्युबेटरमध्ये गेली पाहिजे. मधेच चहाला गेलात, तर औषध पसरत राहतं आणि जिवाणू वाढायला अजून सुरुवात केलेली नसते. झोन मोठा येतो आणि 'रेझिस्टंट' जिवाणू 'सेन्सिटिव्ह' होऊन बाहेर पडतो. ही चूक उलट्या चुकीपेक्षा जास्त घातक आहे.

सस्पेन्शन बरोबर असेल, तर अगारची जाडी मोजा. ती ४ मिलिमीटर हवी. ९० मिलिमीटरच्या प्लेटला त्यासाठी सुमारे २५ मिलि मीडिया लागतो. अंदाजाने ओतू नका, मोजून ओता. एका लॅबमध्ये झोन गोल न येता लंबगोल येत होते आणि प्रत्येक प्लेटवर एकाच बाजूला झुकलेले होते. डिस्क बदलल्या, जिवाणू बदलला, काही उपयोग झाला नाही. शेवटी बांधकामावरच्या गवंड्याची पाणसळ मागून आणली आणि टेबलावर ठेवली. टेबलच एका अंगाला उतरतं होतं. मीडिया घट्ट होताना त्या बाजूला जाड आणि पलीकडे पातळ बसत होता. पायाखाली चकती सरकवली आणि झोन गोल झाले. प्लेटचा एक तुकडा कापून कडेची जाडी पट्टीने मोजली असती, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

एकच औषध चुकतंय आणि बाकी सगळी बरोबर, असं असेल तर ती डिस्कच आहे. कोकणात जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की बीटा-लॅक्टम गटातली औषधं, म्हणजे अँपिसिलिन, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, इमिपेनेम, डिस्कच्या कागदातच मरू लागतात. फ्रीजमधून काढलेली व्हायल लगेच उघडली की गार कागदावर दव धरतं. बंद व्हायल एक-दोन तास बाहेर ठेवा आणि मगच उघडा. आतली ओल शोषणारी पुडी रंग बदललेली असेल, तर ती बदला. घाटावर आणि मराठवाड्यात भारनियमनाचा त्रास जास्त. वीज रात्री जाते आणि पहाटे येते. सकाळी फ्रीजर गार असतो, पण मधे काय झालं ते दिसत नाही. त्यासाठी वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं, तर फ्रीजर मधे वितळून परत गोठला. त्या दिवशी डिस्क रुग्णाला लावण्याआधी कंट्रोलला लावा.

कोट्रायमोक्झाझोलच्या झोनची कड नेहमी धूसर येत असेल, तर मीडियात थायमिडीन जास्त आहे. जिवाणू ते वापरतो आणि औषधाने अडवलेली वाट चुकवतो. ती बॅच या औषधासाठी वापरू नका. हलक्या धुक्यासारखी वाढ, लॉनच्या २० टक्क्यांपर्यंतची, मात्र सोडून द्यायची असते. ठळक कडेपर्यंत मोजा. ई. कोलायला जेंटामायसिन बरोबर आणि स्युडोमोनास एटीसीसी २७८५३ ला तेवढंच चुकीचं आलं, तर मीडियातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम बघा. ते जास्त झालं की स्युडोमोनासभोवतीचा झोन आक्रसतो, कमी झालं की फुगतो. मीडिया डिस्टिल्ड वॉटरमध्येच बनवा. बोअरचं पाणी गाळून वापरल्याचं मी पाहिलं आहे. त्या गावच्या पाण्याने तर किटलीत चुन्याचा थर बसायचा.

या मीडियाबद्दल एक गोष्ट मला नेहमी आठवते. जॉन म्युलर आणि जेन हिंटन यांनी तो १९४१ मध्ये तयार केला, तो गोनोकोकस आणि मेनिंगोकोकस वाढवण्यासाठी. त्यातला स्टार्च घातला तो अगारमधले विषारी पदार्थ शोषून घ्यायला. डिस्कच्या चाचणीसाठी त्याची निवड खूप नंतर झाली आणि बाउअर, कर्बी, शेरिस, टर्क यांनी १९६६ मध्ये पद्धत पक्की केली. मांसाचा अर्क आणि केसीनपासून बनणारा हा मीडिया आहे, त्यामुळे त्याच्या दर बॅचचा स्वभाव थोडा वेगळा असणारच. नवी बॅच आली की आधी कंट्रोल, मग रुग्ण, हा नियम त्यातूनच येतो.

मे महिन्यातला एमआरएसए

हा मुद्दा वेगळा काढते, कारण इथे कंट्रोल रेंजमध्ये येऊनही आपण फसू शकतो. स्टॅफिलोकोकस ऑरियसला ३० मायक्रोग्रॅमची सेफॉक्सिटिन डिस्क लावतात. झोन २२ किंवा जास्त आला तर ठीक, २१ किंवा कमी आला तर एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ. मधे पायरी नाही. एका मिलिमीटरवर रुग्णाची सगळी औषधं बदलतात.

या जिवाणूचा प्रतिकार तापमान चढलं की कमी उमटतो. ३५ अंशांच्या वर गेलात, तर एमआरएसए साध्या स्टॅफसारखा दिसू शकतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक लहान लॅबमधल्या इन्क्युबेटरना फक्त हीटर असतो, गार करायची सोय नसते. विदर्भात मे महिन्यात खोलीच ४० च्या वर गेली, तर ३५ वर लावलेला इन्क्युबेटर ३५ वर कसा राहील? दरवाजावरच्या आकड्यावर विसंबू नका. ग्लिसरीनच्या बाटलीत बुडवलेला थर्मामीटर वरच्या आणि खालच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वाचून लिहा. उन्हाळ्यात इन्क्युबेटर एसीच्या खोलीत हलवायची परवानगी मागा. मशीनसाठी एसी मागताना संकोच वाटतो, मला माहीत आहे. मागा. मागताना वहीतले आकडे दाखवा.

जांभळे यायचे ते गुलाबी आले

डिस्कनंतर सगळ्यात जास्त फोन येतात ते ग्रॅम स्टेनबद्दल. या रंगात जाड भिंतीचे (ग्रॅम पॉझिटिव्ह) जिवाणू, जसा स्टॅफ, जांभळे दिसतात आणि पातळ भिंतीचे (ग्रॅम निगेटिव्ह) गुलाबी. पुवाच्या स्लाइडवर द्राक्षाच्या घोसासारखे गोल जिवाणू दिसतात, आकार सांगतो स्टॅफ आणि रंग मात्र गुलाबी. नवख्या मुली गोंधळतात आणि रिपोर्टमध्ये रंग लिहून मोकळ्या होतात. अशा वेळी स्टेनवर शंका घ्या.

डॅनिश डॉक्टर हान्स ख्रिस्तियन ग्रॅम यांनी ही पद्धत १८८४ मध्ये बर्लिनला काम करताना प्रसिद्ध केली. ती अजून सदोष आणि अपुरी आहे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं. दोष आजही तिथेच आहे: रंग धुण्याच्या पायरीत. क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडिन मिळून पेशीत मोठा गुंता करतात. जाड भिंतीची पेशी अल्कोहोलने आक्रसते आणि तो गुंता आत अडकतो. पातळ भिंतीची पेशी तो सोडून देते. पण अल्कोहोल जास्त वेळ चाललं, तर जाड भिंतही शेवटी सोडते. नुसता अॅसिटोन वापरत असाल, तर दोन-तीन सेकंदांत काम होतं. ९५ टक्के अल्कोहोलला जास्त वेळ लागतो. एका लॅबमधून दुसरीत गेल्यावर हात जुन्या सवयीने चालतो आणि बाटलीत मात्र दुसरंच द्रावण असतं. स्लाइड तिरपी धरा, थेंब थेंब सोडा आणि खाली उतरणारं पाणी रंगहीन झालं की लगेच पाण्याने धुवा.

पुवाच्या स्लाइडमध्ये एक कंट्रोल फुकट मिळतो: पुवाच्या पेशी. त्यांची केंद्रकं गुलाबीच दिसली पाहिजेत. ती जांभळी असतील, तर धुणं कमी पडलं आणि त्या भागातल्या जांभळ्या जिवाणूवर विश्वास ठेवू नका. ती गुलाबी असणं मात्र जास्त धुतलं गेलं की नाही हे सांगत नाही. त्यासाठी स्लाइडच्या एका टोकाला स्टॅफिलोकोकस एटीसीसी २५९२३ आणि दुसऱ्या टोकाला ई. कोलायचा ठिपका लावा, मधे रुग्णाचा नमुना. तिन्हींवर एकाच हाताने एकच पाणी पडतं. स्टॅफही गुलाबी आला, तर दोष आपला: एक तर धुणं जास्त झालं, किंवा आयोडिन मेलंय. आयोडिनची बाटली उजेडात राहिली की रंग फिका पिवळा पडतो, तो रंग पकडून ठेवू शकत नाही. तपकिरी बाटली वापरा. स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला नमुना, ज्योतीवर फार तापवला, तरी भिंती फुटतात. स्लाइडची पाठ हाताच्या मागच्या बाजूला लावून सोसवेल, इतकीच ती गरम हवी.

कंट्रोल बरोबर आला आणि नमुना तरीही गुलाबी, तर कल्चरचं वय विचारा. बॅसिलस आणि क्लोस्ट्रिडियम २४ तासांनंतर रंग सोडू लागतात, न्यूमोकोकसही म्हातारा झाला की तसंच करतो. रुग्णाने आधीच अँटिबायोटिक घेतलं असेल, तर मोडकळीला आलेल्या पेशी गुलाबी दिसतात. उलटही होतं. असिनेटोबॅक्टर रंग धरून ठेवतो आणि जांभळा दिसून फसवतो.

अशा वेळी मी ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब स्लाइडवर घेते आणि प्लेटवरची कॉलनी त्यात लूपने घोळवते. अर्ध्या मिनिटात ग्रॅम निगेटिव्हची पेशी फुटते, आतला डीएनए बाहेर येतो आणि लूप वर उचलला की गुळाच्या पाकासारखी तार निघते. ग्रॅम पॉझिटिव्हची तार निघत नाही. खर्च जवळजवळ शून्य आणि स्टेनचा हात कसाही असला तरी उत्तर मिळतं. ही चाचणी अभ्यासक्रमात एका ओळीत उरकतात याचं मला वाईट वाटतं.

छोट्या चाचण्या, छोटी कारणं

कॅटालेज, ऑक्सिडेज, कोअॅग्युलेज आणि टीएसआय या जिवाणू ओळखायच्या साध्या चाचण्या. कॅटालेज कायम पॉझिटिव्ह येतोय? कॉलनीबरोबर ब्लड अगारही खरवडला गेला असेल. रक्तपेशींतच कॅटालेज असतो. लाकडी काडीने फक्त वरचा भाग उचला. ऑक्सिडेज सगळ्यांना पॉझिटिव्ह येतोय? लूप निक्रोमची असेल. काडी किंवा प्लॅटिनम वापरा आणि १० सेकंदांतच वाचा, कारण ते द्रावण नुसत्या हवेनेही जांभळं होतं. मॅकॉन्की अगारवरची कॉलनी या चाचणीला घेऊ नका.

कोअॅग्युलेजची नळी चार तासांनी बघायलाच हवी. काही स्टॅफ आधी गोठवतात आणि मग तीच गाठ स्वतः विरघळवतात. सकाळी आलेल्याला पाणी दिसतं आणि तो निगेटिव्ह लिहितो. प्लाझ्मा सायट्रेटचा असेल, तर एन्टेरोकोकस सायट्रेट खाऊन टाकतो आणि प्लाझ्मा आपोआप गोठतो. ईडीटीएचा वापरा. टीएसआय १८ ते २४ तासांत वाचा. लवकर वाचलं तर सगळंच पिवळं दिसतं आणि उशिरा वाचलं तर पिवळं होतं तेही लाल होतं.

ऑटोक्लेव्हच्या टेपवरचे काळे पट्टे फक्त वाफ लागल्याचं सांगतात. आत १२१ अंशांना १५ मिनिटं पूर्ण झाली का, हे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसच्या बीजाणूंची पट्टी ठेवूनच कळतं. मीडियावर दर आठवड्याला तीच सुरकुतलेली, पसरट बॅसिलसची वाढ दिसत असेल, तर हवा पूर्ण निघायच्या आधी झडप बंद होते का ते बघा.

आणि कंट्रोलच बदलला असेल तर

सगळं तपासून झालं, तरी एक शक्यता उरते. ओळखीचा म्हणून ठेवलेला जिवाणूच आता ओळखीचा राहिलेला नाही. आठवड्यामागून आठवडे स्लँटवरून (नळीत तिरपा घट्ट केलेल्या अगारवरून) स्लँटवर नेलेला कंट्रोल हळूहळू बदलतो. क्लेब्सिएला एटीसीसी ७००६०३ आणि ई. कोलाय एटीसीसी ३५२१८ यांच्यात प्रतिकाराचं प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं सुटं वर्तुळ, असतं आणि ते गळून पडतं. मग या दोघांचे झोन मोठे दिसू लागतात आणि आपण बिचाऱ्या डिस्क फेकत बसतो.

मूळ कल्चर आलं की पहिल्याच दिवशी १५ टक्के ग्लिसरीनच्या ब्रॉथमध्ये छोट्या छोट्या नळ्या भरा आणि उणे ७० वर ठेवा. तेवढा फ्रीजर नसेल, तर उणे २० वर ठेवा, पण मुदत कमी धरा. महिन्याला एक नळी काढा, तिच्यावरून आठवड्याचा स्लँट करा आणि महिना संपला की तो टाकून द्या. जुन्या स्लँटवरून नवा महिना सुरू करू नका. कंट्रोल रोज लावा. लागोपाठ २० दिवसांत एखादाच आकडा बाहेर गेला, तर आठवड्यातून एकदा लावलं तरी चालतं. मीडिया किंवा डिस्कची नवी बॅच आली की त्याच दिवशी परत.

तिने मेणबत्तीची बरणी आता खालच्या कप्प्यात हलवली आहे. वर मामांनी मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'एमएचए आत ठेवू नये', म्हणजे म्युलर-हिंटन अगार. गेल्या दहा आठवड्यांचे जेंटामायसिनचे आकडे तिने मला पाठवले. सगळ्यात कमी २०, सगळ्यात जास्त २३.